घरातल्या मारहाणीची साखळी तोडायला गावातलीच माणसं कशी तयार होतात? प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात, वाचा

‘नवरा-बायकोचं भांडण आहे, सकाळपर्यंत मिटेल.’ शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला की गावात बहुतेक वेळा हेच म्हटलं जातं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला जातो. सकाळी खरंच सगळं शांत असतं. बाई पाणी भरते, नवरा कामाला जातो. पण रात्री गोधडीत डोळे मिटून जागं राहिलेलं पोर असतं, त्याच्यासाठी ते भांडण मिटलेलं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांना नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेबद्दल विचारलं गेलं. साधारण दर चौघींपैकी एकीनं ‘हो, सोसलंय’ असं सांगितलं. ज्या बोलल्याच नाहीत, त्या या आकड्यात नाहीत.

यावर बोलायला मानसोपचाराचे डॉक्टर तालुक्याला मिळणं कठीण, गावात तर नाहीतच. मग हे असंच चालायचं का? गोवा, नाशिक आणि अमरावती इथल्या अनुभवातून दिसतं, की मनाला आधार द्यायचं काम साध्या माणसांना शिकवता येतं. दहावी-बारावी शिकलेल्या बाईला, बचत गटातल्या ताईला, गावातल्या तरुणाला. फक्त ते नीट शिकावं लागतं. नुसता चांगला स्वभाव पुरत नाही.

मार थांबतो, पण आत काय उरतं?

शेतात अचानक समोर साप आला तर काय होतं? छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, माणूस पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. आपला जीव वाचावा म्हणून शरीरानं केलेली ही तयारी असते. साप निघून गेला की थोड्या वेळानं सगळं पूर्ववत होतं.

पण साप रोज घरातच असेल तर? ज्या बाईला किंवा मुलाला रोज संध्याकाळी ‘आज काय होणार’ ही धास्ती असते, त्यांचं शरीर सतत त्याच तयारीत राहतं. दार वाजलं तरी दचकायला होतं. झोप लागत नाही, लागली तर वाईट स्वप्नं पडतात. तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येतो. काहींना तर कशाचंच काही वाटेनासं होतं; रडू येत नाही, हसूही येत नाही. मनावर झालेल्या या खोल जखमेला डॉक्टरी भाषेत ‘ट्रॉमा’ म्हणतात.

आपल्याकडे बाई दवाखान्यात जाऊन ‘माझ्या मनाला जखम झाली’ असं सांगत नाही. ती सांगते, ‘अंग दुखतंय, डोकं चढतंय, अशक्तपणा आहे.’ मग सलाईन लागतं, गोळ्या मिळतात आणि ती घरी परत येते. दुखणं तिथंच राहतं.

मुलांमध्ये हे वेगळं दिसतं. सहा-सात वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. शाळेत कुणी एकदम गप्प होतं, कुणी प्रत्येकाशी मारामारी करतं. गुरुजी म्हणतात, ‘फार वांड झालाय.’ घरात काय चाललंय हे कुणी विचारत नाही.

साखळी कशी बनते?

वडील आईला मारताना पाहिलेला मुलगा दोन गोष्टी शिकतो. राग आला की हात उचलायचा, आणि हात उचलला की घरात आपलं ऐकतात. मुलगी शिकते की बाईनं सोसायचं असतं. हे कुणी बसवून शिकवत नाही, पण धडा पक्का होतो. आपल्या देशाच्या याच सर्वेक्षणात दिसतं, की ज्या बायकांनी लहानपणी आईला मार खाताना पाहिलं, त्यांच्यावर लग्नानंतर हिंसा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे.

अमेरिकेत सॅन डिएगो इथं १७ हजारांहून अधिक मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं गेलं. त्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये आले. घरातली मारहाण, व्यसन, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार असे जितके जास्त प्रकार लहानपणी वाट्याला आले, तितका मोठेपणी नैराश्याचा, दारूच्या व्यसनाचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला दिसला.

पण म्हणून मार पाहिलेला प्रत्येक मुलगा मारकुटा होत नाही. कितीतरी जण ‘मी बापासारखं वागणार नाही’ असं ठरवतात आणि ते पाळतात. अशा मुलांच्या आयुष्यात पुष्कळदा एखादं विश्वासाचं माणूस असतं. आजी, मावशी, शिक्षक किंवा शेजारची काकू. साखळी तुटते ती बहुधा अशाच माणसापाशी.

गोव्यात काय झालं?

गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रयोग केला. आरोग्याचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना निवडून समुपदेशन शिकवलं. आधी वर्गात शिक्षण, मग देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. नंतर ही माणसं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसू लागली आणि तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना भेटू लागली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. कधी केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी.

२०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य दूर झालं होतं. ते न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. समुपदेशन मिळालेल्या गटात आत्महत्येचे विचार कमी झाले. आणखी एक गोष्ट दिसली. या गटातल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मं होतं.

याचा चुकीचा अर्थ काढू नका. बाई उदास असते म्हणून मार खाते, असा याचा अर्थ अजिबात नाही. हात उचलणारा तो असतो आणि जबाबदारी त्याचीच. पण जिचं मन सावरतं, तिला मदत मागायला, माहेरी कळवायला, ‘आता बास’ म्हणायला बळ येऊ शकतं.

दारू सुटली की मार थांबतो का?

गावात कुणालाही विचारा, उत्तर येईल, ‘दारू बंद करा, सगळं ठीक होईल.’ यात तथ्य आहेच. सर्वेक्षणानुसार ज्यांचा नवरा वारंवार पिऊन झिंगतो, अशा देशातल्या सुमारे ७० टक्के बायकांनी हिंसा सोसली आहे. पण अजिबात न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांमध्येही हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. मग त्या घरांत दोष कुणाला द्यायचा?

संगतनं गोव्यात दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांबरोबरही असाच प्रयोग केला. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांच्याशी बोलून काम केलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुष दारूपासून लांब होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. दारूच्या बाबतीत हे मोठं यश होतं. पण बायकोवरच्या हिंसेत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही.

म्हणजे दारू हे रॉकेल आहे, काडी दुसरीच आहे. ‘बायकोला धाकात ठेवायचं असतं’ ही समजूत आणि लहानपणापासून पाहिलेलं वागणं बाटलीबरोबर जात नाही. त्यावर वेगळं काम करावं लागतं.

नाशिक आणि अमरावतीचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं तो राबवला. गावातलीच, लोकांचा विश्वास असलेली माणसं निवडली गेली. काहींनी त्रासात असलेल्यांना ओळखायचं, तर जास्त प्रशिक्षण घेतलेल्यांनी त्यांच्याशी चार-सहा वेळा बसून बोलायचं आणि गरज पडली तर दवाखान्याशी किंवा सरकारी योजनेशी जोडून द्यायचं. घरगुती हिंसा, दारू, कुटुंबातले वाद, बेरोजगारी अशा विषयांवरच्या छोट्या फिल्म मोबाइलवर दाखवून बोलणं सुरू केलं जायचं. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं.

शेतकरी आत्महत्यांच्या काळात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. तिथंही गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांवर भर होता. सुरुवातीला नैराश्य असलेल्या लोकांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचा विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात?

१. ऐकायला. सगळ्यात अवघड हेच. बाई बोलायला लागली की आपण दोन मिनिटांत सल्ला देतो. प्रशिक्षणात जोड्या करून सराव घेतात. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न तोडता ऐकायचं. ‘तू काय केलंस म्हणून त्यानं मारलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्याऐवजी म्हणायचं, ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी चूक नाही.’

२. जखम उकरायची नाही. ‘सगळं सांग, पहिल्यापासून सांग’ असा आग्रह धरायचा नाही. तिला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. जबरदस्तीनं सगळं आठवायला लावलं तर त्रास वाढतो.

३. पाहा, ऐका, जोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं हे सूत्र आहे. आधी पाहा की इथं धोका आहे का, जखम आहे का. मग शांतपणे ऐका. मग योग्य ठिकाणी जोडून द्या.

४. सुरक्षेचा बेत करायला. पुन्हा मारहाण झाली तर कुठे जायचं, कुणाला हाक मारायची, हे आधीच ठरवून ठेवायचं. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवायच्या. भांडण पेटलं की स्वयंपाकघरातून बाहेर यायचं, कारण तिथं विळी असते, गॅस असतो. दोन नंबर तोंडपाठ ठेवायचे, कारण मोबाइल हिसकावला जाऊ शकतो. मदतीसाठी फोन किंवा मेसेज केला असेल आणि नवरा मोबाइल तपासत असेल, तर ती नोंद काढून टाकायची.

५. छोट्या पावलांनी पुन्हा उभं राहायला. खचलेला माणूस सगळं सोडून बसतो. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून आठवड्याचा साधा बेत करतात. रोज थोडं चालणं, एका मैत्रिणीला भेटणं, बचत गटाच्या बैठकीला जाणं. गोव्यातल्या समुपदेशनाचा गाभा हाच होता.

६. तोंड बंद ठेवायला. गावात गुपित राहत नाही, असं म्हणतात. इथं ते राहिलंच पाहिजे. सांगितलेली गोष्ट पाणवठ्यावर पोहोचली, तर त्या बाईला त्याच रात्री आणखी मार बसू शकतो. जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तेव्हाच ही मर्यादा ओलांडायची. तेही पुढे सांगावं लागेल अशी कल्पना सुरुवातीलाच देऊन.

७. स्वतःला सांभाळायला. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकणाराही खचतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणानंतर माणसाला एकटं सोडत नाहीत. गोव्यात समुपदेशक नियमित एकत्र बसून आपली बोलणी तपासायचे आणि एकमेकांना सांगायचे, की इथं बरं झालं, इथं चुकलं. दोन दिवसांचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटलं, एवढ्यानं हे काम होत नाही.

‘जमवून घे’ हा सल्ला का घातक?

आपल्याकडे भांडण मिटवायची जुनी रीत आहे. चार वडीलधारी बसतात, दोघांनाही दोन शब्द सुनावतात आणि बाईला सासरी पाठवतात. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी समित्या झाल्या. बांधाचे, रस्त्याचे बरेच वाद अशा समित्यांत मिटतात आणि ते चांगलंच आहे.

पण बांधाचा वाद आणि मारहाण एकच नव्हे. बांधाच्या वादात दोन्ही बाजूंनी थोडं मागे सरकता येतं. मार खाणाऱ्या बाईनं कशात मागे सरकायचं? मारणारा समोर बसलेला असताना ती खरं बोलू शकत नाही. बोललीच तर घरी गेल्यावर त्याचा हिशोब होतो. म्हणून प्रशिक्षित माणूस तिच्याशी आधी एकटीशी बोलतो. निर्णय तिचा असतो. राहायचं, काही दिवस माहेरी जायचं की तक्रार करायची, हे तिनं ठरवायचं. आपण तिला वाटा दाखवायच्या.

ही पद्धत महाराष्ट्रात नवीन नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही झाले. २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथं रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. अंगावरचा वळ पाहून फक्त मलम न लावता ‘घरी काही त्रास आहे का?’ असं विचारायला त्या शिकल्या.

पुरुषांशी कोण बोलणार?

साखळी तोडायची तर फक्त बायकांना आधार देऊन भागत नाही. मुंबईत १९९३ मध्ये काही पुरुषांनीच एकत्र येऊन ‘मावा’ ही संस्था काढली. हिंसा आणि अत्याचाराविरुद्ध पुरुष, असा त्या नावाचा अर्थ. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ही संस्था महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून तरुणांना तयार करते. मर्दपणा म्हणजे काय, राग आला तर काय करायचं, नकार कसा पचवायचा, यावर मुलं मुलांशीच बोलतात.

गावात याची सोय सहज होऊ शकते. तालीम, क्रिकेटची टीम, गणेश मंडळ, भजनी मंडळ या पुरुषांच्याच जागा आहेत. तिथल्या एखाद्या मान असलेल्या माणसानं ‘बायकोवर हात उचलणं ही मर्दानगी नाही’ असं चारचौघांत म्हटलं, तर त्याचं वजन बाहेरून आलेल्या वक्त्याच्या भाषणापेक्षा जास्त असतं.

कुठे थांबायचं, हेही शिकावं लागतं

प्रशिक्षित गावकरी डॉक्टर नसतो. आत्महत्येची भाषा कानावर आली, भास होत असतील किंवा जीवघेणी मारहाण झाली, तर लगेच पुढे जोडून द्यायचं. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन त्याची पोलीस केस म्हणून नोंद करून घ्यायची. पुढे हाच कागद कामी येतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते प्रकरण गावात मिटवता येत नाही.

शेजाऱ्यांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्या माणसावर जबाबदारी येत नाही. याच कायद्यात बाईला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर तिच्या नावावर असायची गरज नाही.

आपल्या गावात सुरुवात कुठून?

आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या ताई, शिक्षक आणि पोलीस पाटील यांच्याकडे लोक आधीपासूनच येतात. ग्रामसभेत विषय मांडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि महिला व बालविकास विभागाकडे अशा प्रशिक्षणाची लेखी मागणी करता येते. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना गावात बोलावता येतं. मागणी करताना दोन गोष्टी आवर्जून लिहा: प्रशिक्षणानंतर वर्षभर कुणीतरी मार्गदर्शनाला हवं, आणि शिकणाऱ्यांत पुरुषही हवेत.

प्रशिक्षण मिळेपर्यंतही एक काम जमतं. रात्री आवाज आला तर धोका पाहून दार वाजवा, दोघं-तिघं मिळून जा. ‘साखर आहे का?’ एवढं विचारलं तरी कधीकधी उगारलेला हात थांबतो. दुसऱ्या दिवशी ती एकटी भेटली की हळूच म्हणा, ‘काही लागलं तर मी आहे.’ आणि तिच्या पोराला अभ्यासाला आपल्या ओट्यावर बसू द्या.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

महिला हेल्पलाइन: १८१
पोलीस व तातडीची मदत: ११२
मुलांसाठी चाइल्डलाइन: १०९८
मनाच्या त्रासासाठी टेलिमानस: १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं)